जुन्या स्पेक्ट्रमच्या पाठीला कार्ड लावताना

सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक २३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडमध्ये आला. आपल्याकडे पुढे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो 'डीबी स्पेक्ट्रम+' या नावाने विकला. मुंबईत माळा आवरताना आजही एखादा खाली उतरतो आणि पुष्कळदा चालूही होतो. घोडं अडतं ते पुढे. प्रोग्राम कॅसेटवरून भरायचे, पण कॅसेट प्लेअर घरात नसतो, असला तर त्याचा पट्टा चिकट होऊन गेलेला असतो. मग मालक एसडी कार्डवाला इंटरफेस मागवतो, सोबत जॉयस्टिकचा इंटरफेस जोडतो (यंत्राच्या मागे लावायच्या अशा इंटरफेसलाच आम्ही 'कार्ड' म्हणतो), आणि 'कधी चालतं, कधी चालत नाही' सुरू होतं.

अशा यंत्रावर काम करताना आमचा क्रम ठरलेला असतो: आधी वीज, मग कनेक्टरची टेकण, मग पोर्ट (बाहेरच्या जोडणीशी बोलायचे क्रमांक) आणि रॉम (कायमच्या प्रोग्रामची चिप) यांची भांडणं, आणि सगळ्यात शेवटी कार्ड. लोक नेमके उलट्या टोकाने सुरू करतात. कार्ड परत पाठवतात, दुसरं मागवतात, आणि दुसरंही तसंच वागतं.

मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा, डीसी, पण रेग्युलेटेड नाही. भार नसताना मोजला तर १२ व्होल्ट किंवा थोडे वरही दाखवतो, त्यात बिघाड काही नाही. खरा धोका प्लगच्या ध्रुवांचा. स्पेक्ट्रमला मधली पिन ऋण लागते आणि बाहेरचं कडं धन. आज राऊटरचे, सीसीटीव्हीचे म्हणून जे अडॅप्टर मिळतात ते जवळजवळ सगळे याच्या उलट. प्लग मात्र तोच, ५.५ बाय २.१ मिलिमीटरचा, त्यामुळे बिनबोभाट आत जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ९ व्होल्ट २ अँपिअरचा स्विचिंग अडॅप्टर आणायचा, वायर मध्ये कापून तारा अदलाबदल करून सोल्डर करायच्या, श्रिंक स्लीव्ह चढवायची. मग मीटरचा लाल प्रोब प्लगच्या मध्ये आणि काळा बाहेर लावायचा. मीटरने उणे ९ दाखवलं तरच तो प्लग यंत्राजवळ न्यायचा. ४८के (४८ केबी रॅमच्या) स्पेक्ट्रमला बंद-चालूचा खटका नाही, तेव्हा याच वायरवर एक खटका बसवून घेतलेला बरा. जॅक उपसून बंद करण्यात मागची कार्डं हलतात, आणि ती हलणं किती महागात पडतं ते पुढे येईलच.

आतमध्ये ९ चे ५ व्होल्ट करायला ७८०५ हा रेग्युलेटर आहे. यंत्र ५ व्होल्टवर ८०० मिलिअँपिअर ओढतंय असं धरलं, तर ९ व्होल्ट आत येताना ७८०५ वर ३.२ वॉट उष्णता होते; जुना अडॅप्टर ११ व्होल्ट देत असेल तर ४.८ वॉट. त्यात मागच्या कार्डाचा भार. मे महिन्यात दुपारी खोलीत मुळातच पस्तीसच्या आसपास तापमान असतं. यंत्र चालू होतं, अर्धा तास छान चालतं आणि मग अडकतं. थंड झाल्यावर पुन्हा छान. ही तक्रार ऐकली की कार्डाकडे बघायचंच नाही, आधी ७८०५ आणि त्याचा पत्रा. पत्र्याचा स्क्रू घट्ट आहे ना, मधली थर्मल पेस्ट वाळून खडू झाली आहे का, ते पाहावं. ७८०५ च्या जागी तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर बसवला तर उष्णतेचा प्रश्न मिटतो. फक्त त्याची क्षमता यंत्र आणि कार्ड मिळून पुरेशी हवी.

आता या यंत्राची दुखरी नस. खालची १६ केबी रॅम आठ ४११६ चिपांची आहे आणि त्यांना तीन वेगळे व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५, पिन १६ ग्राउंड. हे १२ आणि उणे ५ बोर्डावरच एक छोटा कन्व्हर्टर तयार करतो. त्यातला टीआर४ हा ट्रान्झिस्टर, झेडटीएक्स६५०, शॉर्टचा पहिला बळी. तो गेला की उणे ५ जातात, आणि उणे ५ नसताना बाकीचे व्होल्टेज मिळत राहिले तर ४११६ एकामागून एक मरतात. म्हणून स्क्रीनवर उभे पट्टे दिसले आणि बेसिक आलंच नाही, तर पुन्हापुन्हा चालू करून बघायचा मोह टाळावा. प्रत्येक वेळी चिपा भाजतात.

हा शॉर्ट होतो कुठे? मागच्या एज कनेक्टरवर. बोर्डाची कडच बाहेर काढलेली आहे, वर २८ आणि खाली २८ पट्ट्या, २.५४ मिलिमीटरच्या अंतराने. पाचव्या जागी खाच आहे, म्हणजे तिथे संपर्क नाही, कनेक्टर सरळ बसावा एवढ्यासाठी ती जागा. खालच्या बाजूला तिसऱ्या पट्टीवर ५ व्होल्ट आणि तिला खेटून चौथ्या पट्टीवर थेट अडॅप्टरचे ९ व्होल्ट. वरच्या बाजूला विसावी पट्टी उणे ५, एकविसावी झेड८० या प्रोसेसरची वेट लाइन, बाविसावी १२ व्होल्ट. कार्ड चालू यंत्रात लावलं, किंवा लावलेलं कार्ड तिरकं होऊन एक पट्टी सरकलं, की ९ व्होल्ट ५ च्या लाइनवर जातात किंवा १२ व्होल्ट प्रोसेसरच्या पायावर. दोन्हींत निकाल एकच.

खाचेत बसणारी चावी ज्या कार्डाच्या कनेक्टरला नाही ते कार्ड आम्ही तसं लावतच नाही. स्वस्तातल्या घरगुती कार्डांवर ही चावी हमखास गायब असते. पाचव्या जागेचे दोन्ही संपर्क चिमट्याने उपसून तिथे जुन्या एटीएम कार्डाची पट्टी बसवता येते. ते प्लास्टिक ०.७६ मिलिमीटर जाड असतं. एक थर ढिला वाटला तर दोन थर चिकटवून कानशीने बेताने घासायचे, आणि मग कनेक्टरच्या भिंतींना एपॉक्सीने पक्कं करायचं.

कनेक्टरच नवा हवा असेल तर ५६ संपर्कांचा तयार मिळणं कठीण. पण जुन्या पीसी मदरबोर्डांवरचा ८ बिट आयएसए स्लॉट ३१ अधिक ३१ संपर्कांचा असतो, अंतर तेच २.५४, आणि तोही १.६ मिलिमीटरच्या बोर्डासाठीच बनलेला. लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्ल्यांत भंगार मदरबोर्ड अजून सापडतात. स्लॉट हॉट एअरने काढायचा, पण बेताने, कारण जास्त तापला की प्लास्टिक वाकतं आणि मधले संपर्क सैल पडतात. मग २९ व्या जागेवर बारीक दातांच्या हॅकसॉ पात्याने कापायचा, म्हणजे २८ जागा शाबूत राहतात आणि एकोणतिसाव्याच्या फटीत कडेची भिंत म्हणून प्लास्टिकचा तुकडा चिकटवता येतो. भिंत न लावता उघडं सोडलं तर कनेक्टर आडवा सरकतो आणि चावीवर सगळा ताण येतो. एक पथ्य: मूळच्या टोकाची भिंत जाड असते. स्पेक्ट्रमच्या केसच्या कापात ती अडकते आणि कनेक्टर पूर्ण आत बसत नाही, वरवर बसलेला दिसतो. भिंत घासून पातळ करावी आणि केसला लावूनच बघावं, नुसत्या बोर्डाला लावून नाही. साध्या रबर की यंत्राचा केस आणि प्लस मॉडेलचा केस यांचे मागचे काप वेगळे आहेत. एकात बसलं म्हणून दुसऱ्यात बसेल असं नाही.

असाच एक कापलेला स्लॉट आम्ही मोजमापासाठी ठेवतो. त्याला पाच वायरी सोल्डर केलेल्या: खालची ३, खालची ४, खालची ६ (ग्राउंड), वरची २० आणि वरची २२. यंत्र बंद असताना लावायचा, चालू करायचं, वायरींच्या टोकांवर मोजायचं. ५ ची लाइन ४.८ ते ५.२ मध्ये, ९ ची अडॅप्टरनुसार, उणे ५ आणि १२ आपापल्या आसपास. उघड्या पट्ट्यांवर प्रोब टेकवून मोजू नये. एक घसरला की टीआर४ गेलाच.

टेकणीचा दुसरा शत्रू आपली हवा. बऱ्याच स्पेक्ट्रमच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा नाही, कथलाचा थर आहे. समोरच्या कनेक्टरचे संपर्क सोनेरी. सोनं आणि कथील एकमेकांवर घासत राहिले की कथलाचा ऑक्साइड बारीक भुकटीसारखा मधे साचतो. समुद्राची खारी हवा आणि जूननंतरची ओल त्याला मदतच करते. डोळ्याला पट्टी फक्त मळकट करडी दिसते. उपाय साधा आहे: पांढरं मऊ खोडरबर पट्टीच्या लांबीच्या दिशेने फिरवायचं, आडवं नाही. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कानकाडीने पुसायचं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्के स्पिरिट पाणी सोडतं, ते नको. सँडपेपर, ब्लेड, शाईचं खरखरीत खोडरबर अजिबात नको. कथील निघालं की खालचं तांबं उघडं पडतं आणि पावसाळ्यात हिरवं होतं. तसं झालेलंच असेल तर पट्टीवर सोल्डरचा पातळ थर देऊन डिसोल्डर विकने ओढून घ्यायचा, म्हणजे उंचवटे राहत नाहीत.

मागे लोंबणाऱ्या कार्डाखाली योग्य उंचीचा ठोकळा ठेवावा. पुठ्ठ्याचे थर चालतात. की दाबताना यंत्र हलतं आणि कार्डाचा मागचा भाग तरफेसारखा वरखाली होतो, हेच रीसेटचं सगळ्यात सामान्य कारण.

कार्ड लावण्याआधी नुसत्या यंत्रावर दोन नोंदी घ्याव्यात. बेसिकमध्ये 'प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३' दिलं तर ४८के यंत्रावर ६५५३५ यायला हवं. ३२७६७ आलं तर वरच्या ३२ केबीत गडबड आहे, यंत्र स्वतःला १६के समजतंय. दुसरी नोंद रॉमच्या बेरजेची: शून्य ते १६३८३ पर्यंत फॉर लूप चालवून प्रत्येक पत्त्याचा पीक (तिथे साठलेली संख्या) एका चलात मिळवायचा आणि शेवटी छापायचा. काही मिनिटं लागतात. आलेली संख्या कागदावर लिहून ठेवायची, मग कार्ड लावून पुन्हा तेच. संख्या बदलली म्हणजे कार्ड डेटा लाइनवर लुडबुड करतंय किंवा कुठलीतरी पट्टी टेकत नाही. दर वेळी वेगळी आली तर टेकण. दर वेळी सारखीच पण चुकीची आली तर लाइन अडकलेली.

आता भांडणं. केम्पस्टन जॉयस्टिक इंटरफेस पोर्ट ३१ वर वाचला जातो. बेसिकमध्ये 'प्रिंट इन ३१' दिलं, काठी सोडलेली असली तर ० हवा. उजवीकडे १, डावीकडे २, खाली ४, वर ८, फायर १६. इंटरफेस नसताना बहुधा २५५ येतो, आणि त्यामुळेच काही गेममध्ये केम्पस्टन निवडलं की माणूस आपोआप भिंतीवर धडका देत सुटतो. अडचण अशी की मूळ केम्पस्टनची रचना काटकसरीची आहे. ती पूर्ण ३१ हा पत्ता ओळखत नाही, फक्त ए५ ही पत्त्याची एक लाइन शून्य आहे का तेवढं बघते. म्हणजे ए५ शून्य असलेल्या प्रत्येक पोर्टवर ती बोलते. केम्पस्टन माउस ६४२२३, ६४४७९ आणि ६५५०३ या पोर्टांवर आहे, तिन्हींच्या खालच्या बाइटमध्ये ए५ शून्य. दोन्ही एकत्र लावले की माउस वाचताना जॉयस्टिकही उत्तर देते आणि कर्सर उड्या मारतो. जॉयस्टिकचा पत्ता नीट डिकोड करणारं कार्ड घेणं हाच यावर उपाय. एसडी कार्डवाल्या अनेक इंटरफेसवर केम्पस्टन आतच असतं. मग वेगळा जॉयस्टिक इंटरफेस लावू नये, किंवा आतला जंपरने बंद करावा.

डिव्हएमएमसी या जातीच्या एसडी इंटरफेसचे पोर्ट २२७, २३१ आणि २३५. सिंक्लेअरच्याच १९८३ च्या इंटरफेस १ चे (मायक्रोड्राइव्ह, म्हणजे छोट्या टेप कार्ट्रिज, चालवणारा) पोर्ट २३१, २३९ आणि २४७. २३१ दोघांनाही हवा. एवढ्यावर थांबत नाही. इंटरफेस १ मध्ये स्वतःचा ८ केबी रॉम आहे आणि प्रोसेसरने पत्ता ८ किंवा ५८९६ वरून सूचना उचलली की तो मूळ रॉमच्या जागी येऊन बसतो. डिव्हएमएमसीही ०, ८, ५६, १०२, १२२२, १३७८ अशा पत्त्यांवर टपून असतो. पत्ता ८ हा बेसिकच्या चुका कळवण्याचा रस्ता, आणि दोघेही तिथेच मूळ रॉम बाजूला सारून आपला पुढे करतात. दोघांचे बाइट एकाच डेटा लाइनवर आदळतात. या दोघांना एकत्र नांदवणारा अडॅप्टर आहे असं कोणी सांगितलं तर पैसे देण्याआधी चालताना दाखवायला सांगावं. मायक्रोड्राइव्ह वाचायचे असतील तेव्हा एसडी इंटरफेसच काढून ठेवायचा, इतकं सरळ आहे. झेडएक्स प्रिंटरही याच माळेतला: तो फक्त ए२ शून्य आहे का बघतो, आणि २२७ व २३५ या दोन्ही पोर्टांत ए२ शून्यच आहे.

मूळ रॉम बाजूला सारण्यासाठी कार्ड खालच्या पंचविसाव्या पट्टीवरची रॉमसीएस लाइन वर उचलतं. बोर्डावर या लाइनमध्ये ६८० ओमचा रोध आहे म्हणूनच हे शक्य होतं. एकामागे एक लावलेल्या दोन कार्डांतलं एक लाइन उचलतंय आणि दुसरं ती खाली धरून ठेवतंय, असं झालं तर दोन्ही रॉम अर्धेमुर्धे वाचले जातात. चांगल्या कार्डावर रॉमसीएसच्या वाटेत डायोड असतो. कार्ड उलटं करून पंचविसाव्या पट्टीचा ट्रॅक कुठे जातो ते बघायला मिनिटभर पुरतं.

तिसऱ्या कार्डापाशी भाराचा प्रश्न येतो. स्पेक्ट्रमची बस बफर केलेली नाही, झेड८० च सगळं ओढतो. जुना एनमॉस झेड८० एका लाइनवर १.८ मिलिअँपिअर रिचवतो. एलएस जातीच्या चिपच्या एका इनपुटला ०.४ लागतात. म्हणजे जेमतेम चार इनपुट, आणि त्यातली काही बोर्डावरच खर्च झालेली. नव्या कार्डांत ७४एचसीटी जात वापरलेली असेल तर हा भार नगण्य होतो. इथे दुकानात काळजी घ्यायची. ७४एचसीटी१३८ मागितलं की बऱ्याचदा ७४एचसी१३८ हातात पडतं, 'सेम आहे' म्हणून. सेम नाही. एनमॉस झेड८० वरच्या पातळीची हमी २.४ व्होल्टचीच देतो. एचसीटीला २ व्होल्ट पुरतात, एचसीला ५ व्होल्टवर साधारण ३.५ लागतात. टेबलावर चालतं, कारण प्रत्यक्षात पातळी हमीपेक्षा वर असते; यंत्र तापलं, भार वाढला की घसरतं. कार्ड स्वतः जोडत असाल तर आयसीवरची अक्षरं भिंगाखाली वाचून मगच सोल्डर करा.

जॉयस्टिकबद्दल थोडक्यात. नव्वदच्या दशकात घरोघरी असलेल्या टीव्ही व्हिडिओ गेमचे ९ पिनांचे पॅड दिसायला अगदी तसेच, पण त्यांच्या आत शिफ्ट रजिस्टर आहे आणि बटणं एकामागून एक पाठवली जातात. ते केम्पस्टनला लावू नयेत. अटारी पद्धतीची वायरिंग हवी: १ वर, २ खाली, ३ डावीकडे, ४ उजवीकडे, ६ फायर, ८ ग्राउंड. मीटरच्या कंटिन्युइटीवर आठ नंबर धरून एकेक दिशा दाबली की लगेच कळतं.

एसडी कार्ड लहान घ्यावं, ४ किंवा ८ जीबी पुष्कळ झालं. ६४ जीबी आणि वरची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात आणि ईएसएक्सडॉस (एसडी इंटरफेस चालवणारं सॉफ्टवेअर) ते वाचत नाही. फॅट१६ किंवा फॅट३२ लागतं. कार्डाच्या मुळाशी बिन आणि सिस हे फोल्डर हवेत, आणि ते इंटरफेसच्या फ्लॅशमध्ये असलेल्या आवृत्तीचेच हवेत. दोन आवृत्त्या वेगळ्या असल्या तर सुरुवातीलाच अडकतं आणि माणूस पुन्हा हार्डवेअरला दोष देतो. फुटपाथवरच्या कार्डांची खरी क्षमता आधी पीसीवर पूर्ण भरून तपासावी.

काळ्या +२ए आणि +३ या नंतरच्या स्पेक्ट्रमसाठी मागवत असाल तर वेगळा विचार करावा लागतो. कनेक्टर तसाच दिसतो, पण मूळची रॉमसीएस लाइन तिथे नाही. दोन रॉमसाठी दोन वेगळ्या लाइनी आहेत, आणि आयओआरक्यूजीई (कार्डाला यंत्राचे स्वतःचे पोर्ट अडवू देणारी लाइन) जोडलेलीच नाही. इंटरफेस १ त्यावर चालत नाही. अनेक एसडी इंटरफेसवर या यंत्रांसाठी जंपर असतो आणि तो कारखान्यातून ४८के च्या जागी लावलेला येतो. विक्रेत्याला यंत्राच्या तळाच्या लेबलाचा फोटो पाठवावा, नुसतं '+२' लिहू नये: करडा +२ आतून स्पेक्ट्रम १२८ चाच भाऊ आहे, काळा नाही.